हात मागं बांधून

लग्नसराई लागली की खुर्शीदबीच्या ओसरीत माणसाला बसायला जागा राहायची नाही. सगळा कापूस. जुन्या गाद्या फोडून काढलेला, पिवळा पडलेला, माणसांच्या घामाचा वास धरलेला. ती बोरीच्या काठीनं तो झोडपायची. वीस-पंचवीस रट्ट्यांत गाठी फुटायच्या आणि मेलेला कापूस फुगून वर यायचा. तूस उडून भुवयांवर, मानेच्या घामावर, ओठांवर चिकटायचं. थुंकावं म्हटलं तर तोंडात थुंकी नसायची. खारझरीच्या उन्हाळ्यात ती कोणाच्याच तोंडात राहत नाही.

शफी खाटेवर पडून काठीचा आवाज ऐकायचा. उशाशी पाण्याची एक बाटली. अकोल्याच्या डॉक्टरनं दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं होतं, त्याच्यावर थेंब नाही. शफी बाटलीच्या झाकणानं पाणी मोजून प्यायचा.

"बी, सावली कोठी आली पाय."

"दारवंट्याले आली."

"मंग एक झाकण घेतो." जिभेवर पाणी धरून तो बराच वेळ गिळायचा नाही. गिळलं की म्हणायचा, "सव्वीस वर्षं लोकाइचा माल मोजला. आता सोताचं पानी मोजून राहिलो."

तो बाळापूरच्या बाजारात मापाडी होता. तूर, सोयाबीन, हरभरा, जे येईल ते काट्यावर घालायचं आणि वजन पुकारायचं. आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली डाव्या दंडावरची नस फुगून दोरखंडासारखी झाली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत घुर्र लागायचं, म्हणजे नस चालू. मुलगी तहरीम रोज सकाळी उठली की आधी तिथं बोट ठेवायची, मग चूल पेटवायची.

खारझरीत तीन हातपंप. एक मशिदीजवळ, खुर्शीदबीच्या दारातच. दुसरा मारुतीच्या पारापाशी. तिसरा शाळेजवळ, पण त्याचा दांडा तीन वर्षांपासून गायब होता. पहिल्या दोन्ही पंपांना हिरवा पट्टा मारलेला. हिरवा म्हणजे पिण्यालायक. त्या पाण्यात चहा केला की दूध फाटायचं. डाळ दोन तास शिजवली तरी दाणा बोटात टिचायचा.

एका खेपेला अकोल्यात बापाची वाट पाहत बसलेली तहरीम भोवळ येऊन पडली. एकवीस वर्षांची पोरगी. डॉक्टरनं तिचंही रक्त तपासलं. कागद पाहिला, पुन्हा पाहिला.

"कोणतं पाणी पिता तुम्ही?"

"पंपाचं."

"कोणत्या पंपाचं? तपासणी होत असेल ना वर्षातून दोनदा? ते कागद घेऊन या. हिच्या किडनीचं अजून काठावर आहे. पाणी बदललं तर थांबेल."

झालं. एवढीच गोष्ट हवी होती. कोणत्या पंपाचं पाणी प्यायचं. ती ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवक ललित बोंद्रे याच्या खिशात.

ललित बोंद्रे मंगळवारी यायचा. बोलायला गोड माणूस.

"खुर्शीदबी, कागदात काय पाहायचंय? पाणी हिरवं आहे."

"पानी हिरवं कसं असंल साहेब? पट्टा हिरवा हाय."

तो हसला आणि रीतसर अर्ज करा म्हणाला. तहरीमनं अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट लावलं. एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. खुर्शीदबीनं काठी खाली टाकली, हातावरचं तूस लुगड्याला पुसलं आणि कागद पोरीच्या हातात दिला.

तहरीमनं वाचलं. "सदर माहिती त्रयस्थ प्रयोगशाळेची असल्याने देता येत नाही. आपणास याबाबत प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे दाद मागता येईल."

मग शफी खाटेवर हसायला लागला.

"दाद मागा म्हन्ते? दाद तं देतात. उरुसात कव्वालाले. वाह-वा, सुभानल्ला!"

"तहरीम, पुन्हा वाच."

"दादच लिवेल हाय अम्मी."

तहरीम दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. तिलाही दादचा तेवढाच अर्थ माहीत. तिघांनी बराच विचार केला. शेवटी खुर्शीदबीनंच उलगडा केला. "म्हंजे आपला कागद साहेबाले आवडला नसंल. घाईत लिवला होता. वरच्या साहेबाले आवडंल असा लिव. त्यानं वाहवा केली का भेटंल."

तहरीमनं दोन दिवस तो कागद लिहिला. मराठी अक्षरं कोरून काढली. चारी बाजूंनी सतरंजीच्या काठासारखी वेलबुट्टी काढली. शफीनं कागद हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाला, "आता नाई म्हनूनच दाखवा."

तालुक्याच्या कचेरीत माय-लेकी दहा वाजता पोचल्या. दोन वाजेपर्यंत व्हरांड्यात भुईवर बसून राहिल्या. शिपायानं नाव पुकारलं तेव्हा खुर्शीदबीच्या पायाला मुंग्या आलेल्या. आत टेबलामागं दोन खुर्च्या होत्या. एक प्लॅस्टिकची, एक गादीची, पाठीला टॉवेल घातलेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ललित बोंद्रे बसला होता.

"साहेब, तुमी इथं?"

"माहिती अधिकारी म्हणून हजर आहे. सुनावणी आहे ना तुमची?"

त्यानं आपलंच उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. मग उठला, टॉवेलवाल्या खुर्चीवर जाऊन बसला, चष्मा लावला आणि विचारलं, "अपीलार्थी कोण?"

खुर्शीदबीनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, कोणी दुसरा साहेब आत आला असेल.

"अपील ऐकनारे साहेब कोठी हायेत?"

"मीच. विस्तार अधिकाऱ्यांची जागा रिकामी आहे. अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे."

तो चेष्टा करत नव्हता. कागदोपत्री तसंच होतं. खुर्शीदबीनं वेलबुट्टीचा कागद पुढं ठेवला. त्यानं तो उलटापालटा केला.

"ही काय लग्नपत्रिका आहे का?"

"आवडला का साहेब?"

"काय?"

"कागद. दाद मागाले आली मी."

बाजूच्या टेबलावरचा कारकून आधी हसला. मग शिपाई. मग सगळी खोली. ललित बोंद्रे चष्मा काढून डोळे पुसू लागला. "बाई, दाद म्हणजे न्याय. टाळ्या नव्हे! वाहवा नव्हे!" आणि हसता हसताच त्यानं शेवटी लिहिलं, अपील फेटाळण्यात येत आहे. नकारावर सही केली होती तोच पेन.

खुर्शीदबीचे कान तापले. तिनं पोरीकडं पाहिलं नाही. शब्द त्यांचा, अर्थही त्यांचाच, आणि हसायचं मात्र हिला. कचेरीबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. तहरीमच्या ओठांवर पांढरी साल आली होती. एक ग्लास घेऊन दोघींनी तो अर्धा अर्धा प्यायला.

घरी शफीनं सगळं ऐकलं. त्याला हसू आलं नाही. तो उठून बसला. पाय सुजून खाटेखाली लोंबत होते.

"ज्यानं मोजलं त्यानंच पुन्हा मोजलं?"

"व्हय."

"अन् त्याचे हात कोठी होते?"

"टेबलावर. कोठी असतीन?"

"नाई बी. बाजारात असं होऊच शकत नाई." त्याला धाप लागली, तरी तो बोलत राहिला. "म्या तूर मोजली, अन् शेतकरी म्हने का मले पटलं नाई. तं काटा रिकामा करा लागते. दुसरा मापाडी येते. अन् म्या काय कराचं? हात मागं बांधून उभं राहाचं. काट्याले बोट लागलं नाई पायजे. बोलाचं ते मोजाच्या आधी बोलाचं. काटा हालला का जबान बंद. माहा बाप असाच उभा राहिला, मीबी राहिलो. सव्वीस सालात नऊ वेळा. तीनदा चुकलो होतो मी."

"लाज नाई वाटली?"

"वाटली ना. पन लाजेनं वजन वाढत नाई."

वर माहिती आयोगाकडं जाता येतं हे गावातल्या धम्मदीपनं सांगितलं. तो पंप आणि मोटारी दुरुस्त करायचा. त्यानंच अर्ज कसा करायचा ते दाखवलं. ह्या वेळी वेलबुट्टी नव्हती. तोवर कोणत्या पंपाचं पाणी प्यायचं हे कोणीच सांगू शकत नव्हतं, म्हणून मारुतीच्या पंपाचं पाणी जिभेला बरं लागतं एवढ्यावरून तहरीम तिकडून घागर आणायला लागली. पावसाळा गेला, कापसाची वेचणी गेली. शफीच्या अकोल्याच्या खेपा दोनाच्या तीन झाल्या. अमरावतीची तारीख लागली तेव्हा दुसरी लग्नसराई आली होती. पहिला अर्ज दिल्याला चौदा महिने झाले होते.

खुर्शीदबी अमरावतीला पहिल्यांदाच गेली. रातभर तिनं मनात वाक्यं जुळवली होती. आत गेल्यावर सगळी सांडली. टेबलापलीकडं पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी तिला आधी खुर्ची दिली. मग ललित बोंद्रेकडं वळले.

"नकार कोणी दिला?"

"मी, सर."

"पहिलं अपील कोणी ऐकलं?"

ललित बोंद्रेनं घसा साफ केला. "अतिरिक्त कार्यभार होता, सर."

"कोणी ऐकलं?"

"मी."

"म्हणजे तुमच्याविरुद्धची तक्रार तुम्ही स्वतःच ऐकलीत. मग काय म्हणालात स्वतःला?"

खोलीत पंखा फिरत होता. कोणी हसलं नाही. ललित बोंद्रेच्या मानेवरून घामाचा एक ओघळ कॉलरीत उतरला आणि त्याचे हात, कोणी सांगितलं नसताना, आपोआप मागं गेले. खुर्शीदबीनं ते पाहिलं. पुढं सात दिवसांत कागद द्या, फुकट द्या, असं काय काय सांगितलं गेलं, पण तिला ते हातच दिसत होते. सगळं मिळून आठ मिनिटं लागली. चौदा महिने आणि आठ मिनिटं.

"एवढंच असते?" बाहेर आल्यावर तिनं पोरीला विचारलं.

"एवढंच."

"अन् त्यांनी मले खुर्ची देल्ली."

एसटी मूर्तिजापूरच्या पुढं येईपर्यंत तिनं हेच दोनदा पुन्हा सांगितलं.

कागद आले, एकोणीस. धम्मदीपनं ते ओसरीत, कापसावर, एकापुढं एक मांडले. मशिदीचा पंप, पिण्यास अयोग्य. पुढची तपासणी, अयोग्य. मारुतीचा पंप, अयोग्य, अयोग्य, अयोग्य. जिभेला बरा लागायचा तोच जास्त खराब. आणि शाळेचा पंप, दांडा नसलेला. जो बंद पडायच्या आधी दोनदा तपासला होता, तो पिण्यास योग्य.

"दांडा कोठी गेला मंग?" शफीनं विचारलं.

दांडा त्याच कपाटाच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. गंजलेला, धूळ खाल्लेला, चांगला. कोणी चोरला नव्हता. दुरुस्तीला काढला होता आणि बसवायचा राहून गेला होता. तीन वर्षं. धम्मदीपनं एका सकाळी तो बसवला. चाळीसेक बायका भवती उभ्या. आधी नुसती हवा खोकली. मग तांबडं पाणी. मग तांबडं-पांढरं, मग नितळ. पुंजाजी म्हाताऱ्यानं ओंजळ धरली, प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बह्याडाइनो, तीन वर्षं आपन ह्याच्यावर बसून तमाखू खाल्ली!"

त्या दिवशी तहरीमनं डाळ लावली. अर्ध्या तासात शिजली. खुर्शीदबी चुलीपाशी उकिडवी बसून, डावानं दाणा काढून, बोटात दाबून पाहत राहिली. पुन्हा एक. पुन्हा एक. मऊ. तिला रडू आलं ते तिथं, अमरावतीला नाही.

त्या साली सरपंच सिंधूताई होती. दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी बाई. तिनं शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा लावली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"कागद आपल्या कपाटातला. अन् त्याच्यासाठी ह्या बाईले अमरावतीले जा लागलं. सरकारी रस्ता बंद नाई होत, तो राहीनच. पन गावातल्या कागदाचा निवाडा गावात काहून होत नाई? पान्याचे कागद आजपासून खुर्शीदबीकडं, किल्लीबी तिच्याकडं. पन उद्या खुर्शीदबीनंच नाई म्हटलं तं? कोन ऐकन?"

"मले नेमा," पुंजाजी म्हणाला.

"तुमाले ऐकू तं येत नाई बाबा."

"म्हनूनच तं! कोनाचंच ऐकनार नाई मी."

ओटा हसून दणाणला. मग वाद लागला. कोणी म्हणे सरपंचच ऐकेल. सिंधूताई म्हणाली, आणि सरपंचाच्याच सांगण्यावरून नाही म्हटलं असेल तर? कोणी म्हणे पाटलांना बसवा, कोणी म्हणे मास्तरांना. तेवढ्यात शफी निंबाच्या बुडाला हात टेकून उठला. सूज चढलेले पाय, हातात पाण्याची बाटली. त्यानं बाजारातली रीत सांगितली. जशी घरी सांगितली होती तशीच. काटा रिकामा, दुसरा मापाडी, पहिल्याचे हात मागं.

"पन दुसरा मापाडी कोन?" सिंधूताईनं विचारलं.

"कोनीबी. काट्याले काय फरक पडते? समद्याइच्या नावाच्या चिठ्ठ्या माठात टाका. तीन काढा. नात्यातली निंघाली तं बाजूले ठेवा, दुसरी काढा."

"अन् किती दिवसात?"

"सात."

"अन् नाई झालं सात दिवसात तं?"

एवढा वेळ गप्प बसलेली खुर्शीदबी बोलली. "आठव्या दिवशी कपाट उघडं." सगळे तिच्याकडं वळले. तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "चौदा महिने माह्या पोरीनं खराब पानी पेलं. उशीर करनाऱ्याचं काय गेलं? काईच नाई. तो नुसता बसून होता अन् जिकत होता. बसून राहनारा हारला पायजे."

सिंधूताईनं तहरीमला लिहायला सांगितलं. मग एकेक येत गेलं. ज्याला लिहिता येत नसेल तो तोंडानं मागेल, लिहिणारा लिहील आणि वाचून दाखवील. कशाला पाहिजे, हे विचारायचं नाही.

"असं कसं?" मागून एक जण. "कोनीबी येईन, कायबी मागन!"

"मागू दे ना. तुही धाकधूक काहून होऊन राहिली?"

आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्यायचं, गावच्या बोलीत. शेवटची ओळ काय, इथं गाडी अडली. "'दाद मागता येईल' असं टाका," कोणी तरी खवचटपणे म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला. ही गोष्ट गावभर झाली होती. खुर्शीदबी ह्या वेळी स्वतःही हसली.

"तो शबद नाई पायजे. लिवा का, 'पटलं नसंल तं पुन्हा मोजून घ्या.'"

तहरीमनं तसंच लिहिलं.

हिवाळ्यात खुर्शीदबीनं आरोग्यवाल्या बाईसोबत घर न् घर पालथं घातलं. कोणाला सूज, कोणाला मूतखडा, कोण अकोल्याला जातं, कोण गेलं, कोण कोणत्या पंपाचं पाणी पीत होतं. लोकांनी तिला सांगितलं. तिच्या घरात तेच होतं, म्हणून सांगितलं. बायकांनी दार लोटून, आवाज खाली करून सांगितलं. ती यादी तिनं कपाटात ठेवली.

यादीत तहरीमचंही नाव होतं. पाणी बदलल्यावर पोरीचं रक्त काठावरच थांबलं होतं, पण काठ तो काठच. आणि परतवाड्याहून तिला पाहायला पाहुणे येऊन गेले होते. मुलगा इमाद, शांत, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान.

"मी सांगनार हाय त्याले," तहरीम म्हणाली होती. "लपवनार नाई. पन मी सांगीन. गावानं नाई सांगाचं."

आणि संक्रांत झाल्यावर गोदाबाई आली. मारुतीच्या पारामागं राहायची. तिचा नवरा मागल्या साली अंग सुजून गेला होता.

"खुर्शीदबी, मले ते यादी दाखव."

"ते नाई होत गोदाबाई. बिमारी ज्याची त्याची."

"मले पाह्याचीच हाय."

खुर्शीदबीनं कारण विचारलं नाही, विचारायचं नव्हतं. तिनं लिहून दिलं. लोकांनी विश्वासानं सांगितलं आहे, यादी देत नाही, पटलं नसेल तर पुन्हा मोजून घ्या. आपण बरोबर आहोत ह्याची तिला खात्री होती. आणि त्या खात्रीच्या खाली पोरीची धास्ती होती, हेही तिला माहीत होतं. दोन्ही एकाच गादीत भरलेलं. उसवून वेगळं होत नव्हतं.

"मंग मोजू," गोदाबाई म्हणाली. "मले नाई पटलं."

पाचव्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर माठ ठेवला. चिठ्ठ्या निघाल्या. पुंजाजी. बांगड्या विकणारी अनीसा. धम्मदीप. तहरीम घरची, म्हणून वही तिच्याकडून काढून घेतली आणि लिहायला सिंधूताई बसली. पलीकडं पंपावर रांग होती, दांडा कुईकुई करत होता. सिंधूताईनं हात केला तसा तो थांबला. घागरी भुईवर टेकल्या.

गोदाबाई आधी बोलली.

"माह्या घरधन्याले लोक दारूनं गेला म्हन्तात. माह्या तोंडावर म्हन्तात. पोळ्याले घेत होता तो घोटभर, नाई कोन म्हन्ते? पन दारूनं नाई गेला. मले पाह्याचं हाय का तसे अजून किती झाले. तो एकलाच असंल तं मी चूप बसतो."

हे खुर्शीदबीला ठाऊक नव्हतं.

"तुमी बोला भाभी," धम्मदीप म्हणाला. "मोजाच्या आधी."

"लोकाइनं मले दार लावून सांगतलं. ते मी दार उघडून कसं सांगू? बस."

"तुमच्या घरचं हाय काय त्यात?" अनीसानं विचारलं.

"हाय."

"शफीभौचं तं गावाले मालूम हाय," पुंजाजी म्हणाला. खुर्शीदबी पुढं काही बोलली नाही. तिनं किल्ली काढून माठाच्या झाकणावर ठेवली, चार पावलं मागं सरली आणि दोन्ही हात मागं नेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

पुंजाजीला वाचता येत नव्हतं. अनीसा फक्त उर्दू वाचायची. यादी धम्मदीपनं हातात घेतली. त्याचं ग्रीसनं काळं झालेलं बोट एकेका नावावरून खाली उतरत गेलं. एका ओळीवर थांबलं. खुर्शीदबीला इतक्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, पण बोट कितव्या ओळीवर आहे ते कळलं. धम्मदीपनं मान वर केली नाही. बोट पुढं सरकलं. शेवटाला गेलं. त्यानं यादीची घडी घातली.

"सोपं हाय," पुंजाजी म्हणाला. "नावं नका देऊ. गल्लीवार आकडा देऊन टाका."

"हे बरोबर," अनीसा म्हणाली.

खुर्शीदबीच्या गल्लीत दोनच घरं. नईमचं दोन वर्षांपासून कुलूप लावलेलं, आणि तिचं. गल्लीचा आकडा दोन निघाला की एक शफी, आणि दुसरं कोण? पोरीचं नाव लिहायचीही गरज नाही. तिनं शफीकडं पाहिलं. त्यालाही कळलं होतं. तो निंबाखाली बसला होता, बाटली मांडीत घट्ट धरून, ओठ मिटून. काटा हलत होता. तिच्या बोटांची नखं तिच्याच मनगटात रुतली. बोलायचं ते आधी बोलायचं होतं. ही रीत तिच्याच घरातून निघाली होती.

धम्मदीप गोदाबाईकडं वळला.

"काकू, तुमाले गल्ली पायजे का पंप?"

"गल्ली घेऊन काय चाटू? तो का गल्ली पेला? पंपाचं पानी पेला तो."

"मंग गल्ली कायले मोजाची बाबा?" धम्मदीप पुंजाजीच्या कानाशी वाकून म्हणाला. "पंप मोजू. जेवढं मागतलं तेवढंच देऊ."

पुंजाजीनं क्षणभर तोंड हलवलं, जसं काही चावून पाहत होता. "हे माह्यापेक्षा बरं हाय," तो म्हणाला. "असंच लिवा."

अनीसानं मान हलवली. सिंधूताईनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "खुर्शीदबीचा नकार अर्धा बरोबर, अर्धा चूक. नावं द्यायची नाहीत. पंपावार आकडे आजच द्यायचे." मग म्हणाली, "हात सोडा आता."

हात लगेच सुटले नाहीत. खुर्शीदबी तिथंच उभी होती. ह्या तिघांपैकी एकाला वाचता येत नव्हतं, एकीला हे अक्षर येत नव्हतं, आणि तिसऱ्यानं जे वाचलं ते तो पुन्हा कधी बोलणार नव्हता. माठातून निघालेली माणसं. तिची चूक त्यांनी तिला चारचौघांत सांगितली होती, आणि तिला जे सांगता आलं नाही ते न मागता राखलं होतं. असं होऊ शकतं? कोणी साहेब नाही, टॉवेल नाही, खुर्ची नाही. भुईवर ठेवलेला एक माठ.

ती पुढं आली, यादी घेतली, बोटांवर मोजली. एकदा मोजून पुन्हा मोजली.

"शाळेचा पंप, कोनी नाई. मशिदीचा पंप, अकरा." तिनं श्वास घेतला. "मारुतीचा पंप, चौदा."

"चौदा?" गोदाबाई म्हणाली.

"चौदा."

"माहा माणूस त्याच्यात धरला काय?"

"धरला. त्याच्यासकट चौदा."

गोदाबाई सगळ्या ओट्याकडं फिरली. पदर कमरेला खोचला. "ऐकलं काय? चौदा! चौदाही जनाइले दारूनंच सूज आली काय रे?"

कोणीही वर पाहिलं नाही. पंपावरच्या बायका घागरींवर हात ठेवून उभ्या होत्या. आणि निंबाखालून शफीचा आवाज आला. बारीक, धापेतला, पण उरुसात कव्वालाला द्यावा तसा लांबवलेला.

"वाऽह! वाह-वा!"

गोदाबाईनं वळून पाहिलं. "कोनाले म्हनून राहिले शफीभौ? मले का?"

शफीनं बाटलीचं झाकण काढलं, पाणी ओतलं, जिभेवर धरलं आणि सावकाश गिळलं.

"काट्याले," तो म्हणाला.